आमदारकी की नगरपालिका? एका निवृत्त कबड्डीपटूच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे चौतीस वर्षांचे. राज्याच्या संघातून खेळले, मग लीगमध्ये चार हंगाम, आणि गुडघ्यामुळे थांबले. क्रीडा कोट्यातली नोकरी आहे. एका पक्षाने पुढच्या विधानसभेला तिकीट देऊ असं बोलून ठेवलंय. मामा म्हणतात, आधी नगरपालिका लढव. काय करावं?

मामांचं ऐका. मात्र मामा जे कारण देत असतील त्यासाठी नव्हे. मामांना बहुधा वाटत असेल की पालिका सोपी आणि विधानसभा अवघड, म्हणून आधी छोटी कुस्ती, मग मोठी. माझा अनुभव उलटा आहे. नाव झालेल्या माणसाला विधानसभा एकदा जिंकणं त्या मानाने सोपं जातं. लाखांत मतदार, त्यातल्या अनेकांनी तुम्हाला टीव्हीवर पाहिलेलं, आणि पक्षाची हवा असली तर तिच्यावर तुम्ही तरून जाता. प्रभागात मोजके काही हजार मतदार असतात आणि त्यातल्या निम्म्यांना तुमचे वडील कुठल्या बांधाच्या भांडणात कोणाच्या बाजूने उभे होते ते आठवत असतं. तिथे तुमच्या चढाया कोणी मोजत नाही.

मी बावीस वर्षं निवडणुकांची कामं करतोय. भाषणं लिहिण्याची नाहीत. मतदारयाद्या, बूथ, गाड्या, जेवणं, पोलिंग एजंटांचे फॉर्म, ही. त्यात चार खेळाडूंचं काम केलं: दोन पैलवान, एक क्रिकेटवाला, एक तुमच्यासारखा चढाईपटू. एकच निवडून आला, आणि तो चौघांत सगळ्यात कमी नावाजलेला होता. कारण पुढे येईलच.

आधी तिकिटाचं बोलू. खेळाडूला तिकीट मिळालं की त्याला वाटतं, आपल्या पदकांचा मान झाला. तिकीट देणाऱ्याच्या डोक्यात मात्र एक रिकामी किंवा बिघडलेली जागा असते. दोन गट भांडतायत, तिसरा चेहरा हवा. किंवा समोर असा माणूस आहे की आपल्यातला कोणी त्याच्यापुढे टिकत नाही. तुम्हाला विचारायला आले तेव्हा कोणता मतदारसंघ ते नीट सांगितलं का? तिथे मागच्या दोन निवडणुकांत त्या पक्षाला किती मतं होती? हे न विचारता हो म्हणणारे मी पाहिलेत.

हा प्रकार आजचा नाही. आपल्या मुंबईतच बघा. पळवणकर बाळू हे हिंदुस्थानातले पहिल्या फळीतले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदान राखायचं काम करत तिथल्या साहेबांना चेंडू टाकून ते शिकले. चांभार समाजातले, त्यामुळे मैदानात बळी घ्यायला हवेसे आणि चहाला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. असा माणूस पुढे राजकारणात आला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३३ च्या सुमारास मुंबई पालिकेची जागा हिंदू महासभेकडून लढवली आणि हरले. आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना उभं केलं ते कोणासमोर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर. निकाल १३,२४५ विरुद्ध ११,२२५. बाळू दोन हजारांनी पडले.

दोन हजार हा फरक लहान आहे आणि त्यावरून कोणी म्हणेल की चांगली लढत दिली. दिलीच. पण मला त्यात कामाचा मुद्दा वेगळा दिसतो. काँग्रेसला त्या जागेवर बाबासाहेबांसमोर उभं करायला एक आदराचं नाव हवं होतं, ते बाळूंचं होतं. बाबासाहेबांच्या मागे स्वतंत्र मजूर पक्ष होता, वर्षानुवर्षं सभा-संघटना करून उभी केलेली माणसं होती. बाळूंच्या मागे पक्षाचं नाव आणि स्वतःचे बळी. ज्यांच्यासाठी आयुष्यभर मानहानी गिळली त्याच समाजाच्या मतांसाठी त्याच समाजाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याविरुद्ध उभं राहायची वेळ आली. हे तिकीट कोणाच्या सोयीचं होतं, ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी. बरं, परगट सिंगांचं घ्या. ते मी जवळून अभ्यासलंय, कारण आपल्या देशात खेळाडूची राजकारणातली कारकीर्द नीट बघायची तर एवढी भरलेली दुसरी फार थोडी सापडते. जालंधरजवळच्या मिठापूरचे. भारताच्या हॉकी संघात बचावफळीत खेळायचे. १९८५ च्या पर्थमधल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत जर्मनीविरुद्ध १-५ असे मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत भारताने ५-५ बरोबरी साधली, त्या सामन्याच्या आठवणी हॉकीवाले अजून सांगतात ते याच माणसाच्या मुसंड्यांमुळे. १९९२ आणि १९९६, दोन ऑलिंपिकमध्ये कर्णधार.

पुढे ते पंजाबचे क्रीडा संचालक झाले. हा टप्पा लोक वगळतात. संचालकाच्या खुर्चीत बसलं की फाइल कुठे अडते, निधी कोणत्या महिन्यात परत जातो, कोणत्या मंत्र्याचा कोणता माणूस फोन करतो, हे समजतं. त्याच काळात, २०१० मध्ये, त्यांनी हॉकी इंडियाचं अध्यक्षपद लढवलं. समोर विद्या स्टोक्स, ऐंशी ओलांडलेल्या काँग्रेस नेत्या. देशभरातले हॉकीप्रेमी परगटच्या बाजूने. मतं पडली ४१ विरुद्ध २१, आणि परगट हरले.

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडचीही हीच कथा आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला २००१ मध्ये अजित वाडेकर उभे राहिले, समोर शरद पवार, वाडेकर हरले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर उभे राहिले, समोर विलासराव देशमुख, वेंगसरकर हरले. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकणारा कर्णधार, लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारा फलंदाज, आणि आपल्याच घरात मतं कमी. महाराष्ट्रात खेळाडू राजकारणात क्वचित जातात, राजकारणी खेळात सर्रास येतात, आणि येताना मतदारांची यादी पाठ करून येतात. क्लबांचे मतदार मोजके असतात. प्रत्येकाचं काम, प्रत्येकाचा हट्ट ठाऊक असणारा जिंकतो. तुमच्या जिल्हा कबड्डी संघटनेच्या निवडणुकीत तुम्ही कधी उभे राहिलात का? नसाल तर राहून बघा. जिंका किंवा हरा, तिथे जे शिकाल ते प्रचारसभेत शिकायला मिळत नाही.

परत जालंधरला. २०१२ मध्ये अकाली दलाने परगटना जालंधर छावणीची जागा दिली. तिथे समोर काँग्रेसकडून उभा माणूस अकाली दलातूनच बाहेर पडलेला आमदार होता. म्हणजे वर सांगितलं तेच: जागा बिघडलेली, चेहरा हवा. परगट सहा-सात हजारांनी निवडून आले. संसारपूरसारखं हॉकीचं गाव याच मतदारसंघात, स्वतःचं मिठापूरही इथलंच. खेळाडूला यापेक्षा सोयीचा मतदारसंघ काढून दाखवा.

मग खरी गोष्ट सुरू होते आणि ती कचऱ्याची आहे. मतदारसंघातल्या जमशेर गावाजवळ शहराच्या घनकचऱ्याचा प्रकल्प आणायचं सरकारने ठरवलं. सरकार त्यांच्याच पक्षाचं. गावकऱ्यांचा विरोध. आमदाराने काय करायचं? शंभरातले नव्वद आमदार अशा वेळी गावात गेल्यावर गावाचे आणि राजधानीत गेल्यावर सरकारचे होतात. परगट उघडपणे गावाच्या बाजूने उभे राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुख्य संसदीय सचिवपद देऊ केलं, म्हणजे मंत्र्याच्या खालची लाल दिव्याची सोय. त्यांनी शपथ घ्यायला नकार दिला. (त्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाने या नेमणुकाच रद्द केल्या, हा त्यांचा फायदाच.) जुलैत पक्षाने निलंबित केलं. सप्टेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धूंबरोबर एक आघाडी काढली, ती काही चालली नाही, आणि वर्ष संपायच्या आत ते काँग्रेसमध्ये होते.

पक्ष बदलला म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. मला आकडा बोलका वाटतो. २०१७ मध्ये त्याच जागेवर, आपल्या जुन्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध ते एकोणतीस हजारांच्या फरकाने जिंकले. काँग्रेसची हवा होती हे खरं, तरीही पहिल्या वेळच्या चौपट फरक निव्वळ हवेवर येत नाही. पहिली निवडणूक हॉकीने जिंकली असेल. दुसरीत जमशेरचा वाटा मोठा होता, असं माझं मत.

तिसरी तर फारच गमतीची. २०२२ मध्ये पंजाबात आम आदमी पक्षाने ११७ पैकी ९२ जागा नेल्या, काँग्रेसला मिळाल्या १८. आणि जालंधर छावणीत 'आप'ने परगटसमोर उभे केले सुरिंदरसिंग सोधी, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघातले! म्हणजे पदकाच्या हिशेबात प्रतिस्पर्धीच वरचढ. परगटच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही. तरी त्या लाटेत परगट पाच-सहा हजारांनी टिकले. दोन ऑलिंपियन समोरासमोर आले की खेळाचा मुद्दा आपोआप वजा होतो आणि खाली उरतं ते काम दिसतं.

सगळं गोड नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून सहाएक महिने ते शिक्षण आणि क्रीडामंत्री होते. त्या काळात बेरोजगार शिक्षक त्यांच्या जालंधरच्या घरासमोर ठिय्या देऊन बसत. ज्याने गावाच्या बाजूने सरकारशी भांडण केलं, त्याच्याच दारात आता लोक सरकार म्हणून भांडायला आले. तुम्ही सत्तेत गेलात तर हे होणारच. नगरपालिकेत ते फक्त लवकर होतं: सकाळी सातला, नळाला पाणी आलं नाही म्हणून, आणि तुम्ही दात घासत असताना.

हरियाणातले दाखले तुम्हाला पक्षवाले देतील, म्हणून त्यांचाही हिशेब देतो. २०१९ मध्ये भाजपने तिथे तीन खेळाडू उतरवले. हॉकीचे संदीप सिंग पेहोव्यातून निवडून आले. कुस्तीतले योगेश्वर दत्त आणि बबिता फोगाट दोघंही हरले. योगेश्वर पुढच्या वर्षीची पोटनिवडणूकही हरले. २०२४ मध्ये जुलान्यातून विनेश फोगाट काँग्रेसकडून ६,०१५ मतांनी जिंकल्या, पण राज्य भाजपकडेच राहिलं, म्हणजे पहिल्याच दिवसापासून विरोधी बाकावर. त्याच जुलान्यात 'आप'कडून कविता दलाल उभ्या होत्या, डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरलेली पहिली भारतीय महिला. अनामत गेली. राजस्थानात थाळीफेकीतल्या कृष्णा पूनिया सादुलपूरमधून २०१३ ला हरल्या, २०१८ ला जिंकल्या, २०२३ ला पुन्हा हरल्या. आपल्याकडे विनोद कांबळी २००९ मध्ये विक्रोळीतून लोकभारतीतर्फे उभे राहिले होते, हे आज विक्रोळीतल्याच किती जणांना आठवतं?

बंगालची गोष्ट मात्र मला आवडते. हावड्याचे लक्ष्मीरतन शुक्ला २०१६ मध्ये आमदार आणि क्रीडा राज्यमंत्री झाले, २०२१ च्या जानेवारीत पद सोडून बाहेर पडले. त्याच खात्याचे राज्यमंत्री झाले मनोज तिवारी, तेही हावड्यातूनच निवडून आलेले, आणि मंत्री असताना रणजी खेळत राहिले. २०२२-२३ च्या हंगामात बंगालचे कर्णधार मंत्री तिवारी आणि प्रशिक्षक माजी मंत्री शुक्ला! एकाच ड्रेसिंग रूममध्ये एकाच खात्याचे आजी-माजी. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.

पालिकेपासून सुरुवात करून वर गेलेल्यांत मला अमेरिकेतला जेसी व्हेंच्युरा आठवतो. कुस्तीच्या रिंगणातला, पिसांचे गळपट्टे मिरवणारा. १९९० मध्ये मिनियापोलिसशेजारच्या ब्रुकलिन पार्क गावात महापौरपदाला उभा राहिला, तो घराजवळच्या पाणथळ जागेवरच्या बांधकामाच्या आणि पावसाळी गटारांच्या भांडणातून. अठरा वर्षं खुर्चीत असलेल्या महापौराला पाडलं. आठ वर्षांनी तिसऱ्या पक्षाकडून ३७ टक्के मतांवर मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. गव्हर्नर म्हणून विधिमंडळात त्याच्या पाठीशी माणसं नव्हती, त्यामुळे शेवटी शेवटी फार ओढाताण झाली आणि दुसऱ्यांदा तो उभाच राहिला नाही. इकडे जमशेरचा कचरा, तिकडे ब्रुकलिन पार्कचं गटार. मी काही जुळवून आणत नाही, ते तसंच आहे.

आता तुमच्या गावाचं. नगरसेवकाला काय करता येतं याची कल्पना आधी करून घ्या, कारण खेळाडूंची इथे फार निराशा होते. कर्णधाराने सांगितलं की चढाई कोणी करायची ते ठरतं. पालिकेत सगळं अंमलबजावणीचं काम मुख्याधिकाऱ्याकडे, महापालिका असेल तर आयुक्तांकडे. तुम्ही ठराव मांडता, सभेत प्रश्न विचारता, समितीत बसता, आणि मग त्याच कामाच्या मागे टेबलोटेबली फिरता. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश: एका गटाराला यातून जाताना वर्ष सहज जातं. त्यात प्रभागात तुमच्याबरोबर दुसराही नगरसेवक असतो, कदाचित विरोधी पक्षाचा, आणि काम झालं की फ्लेक्स दोघांचे लागतात. हे वाचून कंटाळा आला असेल तर उभं राहू नका. खरंच सांगतो, राग मानू नका. क्रीडा अकादमी काढा, तिथे तुमचं नाव जास्त कामी येईल.

कंटाळा आला नसेल तर माझ्या त्या निवडून आलेल्या खेळाडूचं ऐका. क्रिकेटवाला. जिल्ह्याच्या पलीकडे कोणी ओळखत नव्हतं. पण आठ वर्षं मैदानावर मुलांना शिकवत असल्याने प्रभागातल्या दोनेकशे घरांतल्या आयांचे फोन नंबर त्याच्याकडे होते आणि कोणाचा मुलगा बारावीत नापास झाला, कोणाचे वडील दवाखान्यात आहेत, हे त्याला न विचारता ठाऊक होतं. दोन पैलवानांपैकी एकाच्या रॅलीला तीनेक हजार पोरं होती. फेटे, हलगी, गदा, सगळं. मी पोरांची गावं विचारत फिरलो तर निम्मी दुसऱ्या तालुक्यातली, आणि उरलेल्यांत अठरा पूर्ण न झालेली बरीच. मतदानाच्या दिवशी बेचाळीस बूथपैकी अकरा बूथवर आमचा एजंट नव्हता. सगळे उमेदवाराबरोबर फोटो काढण्यात गुंतले होते.

म्हणून तुमचे पुढचे सहा महिने असे घालवा. प्रभागाची मतदारयादी मिळवा आणि आईला, मामांना बरोबर घेऊन मोठ्याने वाचा. प्रत्येक घराला एक खूण: ओळखतात, तोंडओळख, माहीत नाही, भांडण आहे. भांडणाची घरं लपवू नका, आधी तिथेच जा. पाहुणे कोणाकडचे, भावकी कुठे फुटलेली, कोणत्या गल्लीत भाडेकरू जास्त, हे मामांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. दहाव्याला जा आणि फोटो टाकू नका.

आणि कागद. नगरपालिकेला वय एकवीस पूर्ण लागतं, विधानसभेला पंचवीस. तो प्रश्न तुम्हाला नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांमुळे एकूण संख्या दोनच्या वर जात असेल तर स्थानिक निवडणुकीचा विषय संपला. जागा राखीव असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू करा. शासनाने बक्षीस म्हणून दिलेली रक्कम, भूखंड, लीगचे पैसे, गाडी, सगळं शपथपत्रात यायला हवं. खेळाडूंची मिळकत वर्तमानपत्रात छापून आलेली असते, त्यामुळे विरोधकाला शोधावं लागत नाही. घराचं बांधकाम परवान्याप्रमाणे आहे का तपासा. आणि पालिकेशी कसलाही करार करून मैदान किंवा शिबिर चालवत असाल तर वकिलाला दाखवा. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निघाला तर निवडून आल्यावरही पद जातं.

सगळ्यात महत्त्वाची तुमची नोकरी. ती क्रीडा कोट्यातली असली तरी नोकरीच आहे आणि तिच्यात राहून उभं राहता येत नाही. राजीनामा टाकला म्हणजे सुटलो असं नसतं, तो मंजूर व्हावा लागतो आणि नोटिशीची मुदत असते. विनेश फोगाटांनी सप्टेंबर २०२४ मध्ये रेल्वेची नोकरी सोडली आणि महिन्याभरात मतदान होतं. रेल्वेने मुदतीची अट शिथिल केली म्हणून जमलं. तुमच्यासाठी कोणी अट शिथिल करेल असं धरून चालू नका. घरात दुसरा पगार आहे का, गुडघ्याच्या उपचाराचा खर्च आज कोणाच्या मेडिकलमधून होतो, हे घरच्यांसोबत बसून कागदावर मांडा. मग राजीनामा द्या, मंजुरीचं पत्र घ्या, त्याच्या दोन प्रती काढा, आणि तोवर पक्षाचा गमछा गळ्यात घालून फोटोला उभं राहू नका. पत्र यायच्या आत तो फोटो तुमच्या साहेबांच्या मोबाइलवर पोचलेला असतो.